दुसऱ्या संध्याकाळचे हात

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी एक रेकॉर्ड बाहेर यायची. ती फक्त दाखवायची असे, कारण ती वाजवायचं यंत्र त्या घरात कधी आलंच नव्हतं. माझे सासरे कपाटावरची सुटकेस खाली घेत, साडीच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चौकोनी पाकीट काढत आणि पाहुण्याच्या मांडीवर ठेवत. पाकिटावर एका रंगमंचाचा फोटो होता. पुढे लांब केसांचा गिटारवाला, बाजूला सॅक्सोफोन, कोपऱ्यात मांडी घालून बसलेला सतारवाला आणि मागे, इलेक्ट्रिक पियानोच्या आडून, अर्धा चेहरा आणि एक खांदा. तो अर्धा चेहरा सासऱ्यांचा.

"ओळखा बघू, यात मी कुठला?" ते विचारत.

पाहुणे बहुधा सतारवाल्यावर बोट ठेवत.

मी लग्न होऊन भाईंदर पूर्वेला, नवघरच्या त्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मलाही तो फोटो दाखवण्यात आला. मीही सतारवालाच सांगितला. पुढे काही वर्षं हा कार्यक्रम मी नियमाने पाहिला. माझा नवरा अशा वेळी आतल्या खोलीत निघून जाई, सासूबाई चहा टाकायला उठत. मी सून होते, उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून बसून राही. त्यामुळे गोष्ट मला पाठ झाली होती.

सासरे रत्नागिरीकडचे. गावात भजनाला मृदंग वाजवायचे. मुंबईत आल्यावर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी धरली, आणि तिथून एका हॉटेलच्या बँडमध्ये कोंगा. कोंगा म्हणजे कमरेएवढा उंच, पिंपासारखा ढोल, तळहातांनी वाजवायचा. ऑर्केस्ट्रावाले त्याला तुंबा म्हणतात, पण पाहुण्यांसमोर सासरे कोंगाच म्हणत. सत्तरच्या दशकात मुंबईत विजेवर चालणाऱ्या वाद्यांचं वारं आलं होतं. हॉटेलातल्या गिटारवाल्याने एक गट जमवला. गिटार विजेवर, पियानो विजेवर, सतारीलासुद्धा मायक्रोफोन चिकटवलेला. सुरुवात जॅझच्या अंगाने करायची आणि मध्येच कुठल्यातरी रागात शिरायचं. फ्युजन. गट दोनेक वर्षं टिकला. एका हिवाळ्यात दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहात त्यांचे लागोपाठ दोन संध्याकाळी कार्यक्रम झाले, ते टेपवर घेतले गेले आणि त्यातून ही रेकॉर्ड निघाली. फारशी खपली नाही. गिटारवाला परदेशी गेला, बाकीचे पांगले. सासरे त्याच हिवाळ्यात एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते, तिथूनच निवृत्त झाले. कारखान्यातली इतकी वर्षं त्यांच्या बोलण्यात एका वाक्यात संपत. त्या हिवाळ्याला मात्र दोन कप चहा लागायचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. घरच्या फोनवर एका तरुणाचे फोन येऊ लागले. सासूबाईंना वाटलं क्रेडिट कार्डवाला आहे, त्यांनी फोन ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. एका रविवारी तो मी उचलला. रेकॉर्ड कंपनीत काम करणारा मुलगा होता. सासऱ्यांचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, "ते कोंगा वाजवायचे तेच ना? आम्ही त्यांना किती दिवस शोधतोय!"

कंपनीच्या गोदामात त्या कार्यक्रमाची मूळ टेप सापडली होती. ती साफ करून, एकेक वाद्य सुटं ऐकू येईल असा आवाज नव्याने बसवून ते सीडी काढणार होते. याला रीमास्टर करणं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला फार वेळ मावायचा नाही म्हणून तेव्हा तुकडे कापले होते, तेही आता परत घालणार होते. सासऱ्यांनी फोन हातात घेतला आणि संपूर्ण वेळ सरळ उभं राहून बोलले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पत्ता दोनदा लिहून घेतला त्याने."

काही महिन्यांनी कुरिअरने सीड्या आल्या. चकचकीत पुस्तिका, तोच फोटो, पण जुन्या पाकिटावर काळपट पडलेला अर्धा चेहरा आता स्पष्ट दिसत होता. आत वादकांच्या नावांत सासऱ्यांचं नाव होतं. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी बसून सीडी ऐकली. नवराही बसला. पहिलाच तुकडा वीस मिनिटांच्या पुढे गेला. गिटार किंचाळत होती, तिच्याखाली पियानो काचेच्या गोट्या सांडाव्यात तसा वाजत होता, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कोंगा होता.

"कुणीतरी पिठाची गिरण चालू करून विसरून गेलंय," सासूबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

सासऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते मान हलवत होते, मांडीवर बोटं चालत होती. "हा बघ, हा मी," ते नवऱ्याला म्हणाले. नवरा म्हणाला, "चांगलंय बाबा." मला वाटतं त्याला खरंच चांगलं वाटलं असावं. निदान इतकी वर्षं ज्या रेकॉर्डवरून चेष्टा केली ती खोटी नव्हती, एवढं तरी त्याला कळलं.

बातमी सोसायटीत गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ते गुजराती होते, प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला जोडूनच सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. "अपने बिल्डिंग में इतने बडे कलाकार रहते हैं और अपने को मालूम ही नहीं," असं ते माइकवर म्हणाले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराने तो फोटो निदान एकदा मांडीवर घेतलेला होता. सासऱ्यांनी भाषण केलं नाही, फक्त हात जोडले. स्थानिक साप्ताहिकात फोटो आला. तो लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावण्यात आला.

पुढचं जे झालं ते टीव्हीमुळेच झालं. सासूबाईंच्या मालिकेची वेळ आणि सासऱ्यांची सीडी ऐकायची वेळ एकच होऊ लागली. रोज कुरबुर. शेवटी माझ्याकडचा छोटा सीडी प्लेअर आणि हेडफोन मी त्यांना दिला. म्हटलं, "बाबा, गॅलरीत बसून ऐका. कुणाचा त्रास नाही." त्यांनी त्याआधी कधी हेडफोन घातला नव्हता. कानांवर घट्ट बसवून ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले. मी शेजारी वाळलेले कपडे काढत होते.

थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन काढला. आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. मग मला म्हणाले, "जरा इकडे ये गं. हे ऐक."

मी ऐकलं. गिटार थांबली होती. पियानोचे एकेक स्वर आणि खाली हळू आवाजात कोंगा.

"काय ऐकू येतंय?"

"पियानो. आणि तुमचा कोंगा."

"आणखी? लोखंडावर काही लागल्यासारखं?"

मी पुन्हा ऐकलं. होतं खरं. हात जोरात पडला की त्याच्याबरोबर एक बारीकसा टिक.

"घड्याळ असेल कुणाचं."

"माइकला घड्याळ ऐकू येतंय होय? अंगठी आहे ती. तुंब्याच्या कड्याला लागते."

"मग?"

"मी कधी अंगठी घातली नाही वाजवताना. लग्नातली होती ती पण काढून खिशात टाकायचो."

ते कोंगा न म्हणता तुंबा म्हणाले, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी कुणापासून लपवलेलं नव्हतं, पण सांगायची कधी गरजही पडली नव्हती. दोन संध्याकाळींपैकी ते फक्त पहिल्या संध्याकाळी वाजवायला होते. दुसऱ्या संध्याकाळी कारखान्यात पाळी होती. नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही, रजा मागायची सोय नाही. म्हणून त्यांनी आपल्या जागी एक दोस्त पाठवला. तो इथल्याच पेणकरपाड्याचा, मिठागरं आणि भातशेती असलेल्या घरातला. लग्नांत बँजो पार्टीबरोबर वाजवायचा, अधूनमधून ऑर्केस्ट्रातही यायचा. सासऱ्यांनी पुढे भाईंदरला घर घेतलं ते त्याच्याच सांगण्यावरून. त्याच्या बोटात तांब्याची अंगठी होती, कुठल्याशा नवसाची. बोट जाड झाल्यामुळे ती निघत नसे. ऑर्केस्ट्रावाले त्याला त्यावरून शिव्या द्यायचे.

"पण रेकॉर्डवर पहिल्या दिवसाचं घेतलंय असं मला सांगितलं होतं," सासरे म्हणाले. "गिटारवाल्याने स्वतः सांगितलं."

"आणि रेकॉर्ड ऐकल्यावर तुम्हाला कळलं नाही?"

"ऐकली कुठे धड? एका ओळखीच्याकडे डबा होता वाजवायचा, त्याच्यावर. तुंबा म्हणजे नुसती गुरगुर. मला माहीत होतं मी आहे, म्हणून मला मी ऐकू आलो."

मी मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. काचपट्टीवर आधीच ठरवलेलं दिसू लागणं, ही आमच्या कामातली नेहमीची चूक. त्यामुळे मला त्यांचं म्हणणं लगेच पटलं. त्यांनी पूर्ण सीडी पुन्हा ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक तुकड्यात कुठे ना कुठे ती अंगठी होती. एकही तुकडा पहिल्या संध्याकाळचा नव्हता.

जेवताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नाव तुमचं छापलंय ना? मग झालं."

"नाव माझं आहे. हात दुसऱ्याचा आहे."

"बाबा, आता हे कशाला उकरून काढताय?" नवरा म्हणाला. "सत्कार झाला, पेपरात आलं. कोण ऐकायला जातंय अंगठी?"

"मी जातोय," सासरे म्हणाले आणि ताट उचलून उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. टीव्हीवरचा फोटो त्यांनी काढला नाही, पण तेव्हापासून त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले.

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, "पेणकरपाड्याला चल माझ्याबरोबर. तुझं ते यंत्र घे." नवऱ्याला त्यांनी विचारलं नाही. रिक्षात मी विचारलं, शेवटचे कधी भेटला होतात. त्यांना नीट आठवेना. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. कारखान्याच्या पाळ्या, मग मुलं, मग नातवंडं. दोन्ही घरं इतकी जवळ की मुद्दाम जायचं राहूनच गेलं.

दोन सात मजली इमारतींच्या मध्ये त्यांचं कौलारू घर अजून उभं होतं. ओट्यावर बनियन घातलेला एक जाडजूड म्हातारा बसला होता. मोतीबिंदूमुळे त्याला समोरचं धूसर दिसायचं. सासऱ्यांनी हाक मारली. म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"आवाज वलखीचा हाय," तो म्हणाला. "तू हायस का रं?"

"मीच."

"ये, ये. आनि यी कोन? सून का तुजी? बस गो बाय."

त्याची बायको बाहेर आली. सरबत आलं. अर्धा तास दोघं गुडघे, साखर आणि बिल्डर यांच्याबद्दल बोलले. मोतीबिंदूचं ऑपरेशन तो पुढे ढकलत होता. जमिनीचा एक तुकडा भावकीत अडकला होता. सासऱ्यांना विषय काढता येत नव्हता. शेवटी त्यांनी मला खूण केली आणि हेडफोन स्वतः दोस्ताच्या कानांवर बसवला.

तो ऐकत राहिला. सुरुवातीला त्याने तोंड वाकडं केलं, गिटारचा आवाज फार होता. मग गिटार थांबली आणि पियानोचा तो शांत भाग आला. म्हाताऱ्याची मान एका बाजूला झुकली. जरा वेळाने त्याने हेडफोन काढला.

"मीच हाय," तो म्हणाला.

"कशावरून?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना माहीत असून विचारलं.

"आंगठी वाजते न्हवं." त्याने डावा हात पुढे केला. अंगठी नव्हती, तिथे फक्त एक खोलगट वळ होता. "दवाखान्यात कापून काढली. बोट काला पडला व्हता." मग म्हणाला, "लय जोरात वाजवायचो रं मी. यी कवाची टेप?"

सासऱ्यांनी सांगितलं. त्याला ती संध्याकाळ आठवत होती, पण आपली रेकॉर्ड निघालीय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "वाजवला नि घरी आलो. दुसऱ्या दिशी मिठागरावर. मना काय म्हायीत?"

तोवर त्याच्या बायकोने पुस्तिका हातात घेतली होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने ती माझ्यापुढे धरली. "यात यांचा नाव कंचा?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी पुस्तिका घेतली, पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे पाहिजे होतं. इथे माझं आहे."

शेजारच्या इमारतीतून मिक्सरचा आवाज येत होता. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. फोटू तुजाच हाय ना? मी त फोटूत न्हाय."

"ऱ्हाऊ दे कसा?" बायको म्हणाली. ती चिडलेली नव्हती, पण आवाज ठाम होता. "वाजवला यांनी. मंग नाव यांचा पायजे. भाऊजी, तुमी बदलून घ्या."

"घेतो," सासरे म्हणाले.

घरी आल्या आल्या त्यांनी कंपनीतल्या त्या मुलाला फोन लावला. मुलाला वाटलं म्हातारे विनय दाखवताहेत. मग वाटलं त्यांना विस्मरण होतंय. मग म्हणाला, अंकल, छपाई झालीय, आता काही करता येणार नाही. पण महिन्याभरात दादरला सीडीच्या निमित्ताने छोटा समारंभ आहे, गिटारवाले परदेशातून येणार आहेत, तुम्ही या आणि त्यांच्याशीच बोला.

सासऱ्यांनी दोस्तालाही चल म्हटलं. तो म्हणाला, दिसत न्हाय, यवढ्या लांब येऊन काय करू. तेव्हा आम्ही दोघंच गेलो.

एका संस्थेचा छोटा हॉल होता. पन्नाससाठ माणसं, त्यांतली बरीचशी पांढऱ्या दाढीची, अंगात काळे टी-शर्ट. गिटारवाल्याचे लांब केस गेले होते. तो उंच आणि वाकलेला होता, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. सासऱ्यांना त्याने मिठी मारली. दादरलाच वाढलेला असल्यामुळे मराठी बोलायचा, पण वाक्यात मध्येच शब्द अडकायचे.

सासरे थेट विषयावर आले. "ही सीडी दुसऱ्या दिवसाची आहे."

"हो," तो म्हणाला.

"तू मला पहिल्या दिवसाची सांगितलं होतंस."

गिटारवाल्याने जरा आठवून पाहिलं. मग हसला. "अरे हो. पहिल्या दिवशी माझ्या अँप्लिफायरमध्ये हम येत होता ना. सगळ्या टेपवर तो घूं घूं. काहीच वापरता येईना. तुझं लग्न नवीन, नोकरी नवीन, तू एवढा खूश होतास. म्हटलं, कशाला सांगायचं? फोटो पण पहिल्या दिवसाचे होते, त्यात तू होतास. नाव तुझंच टाकलं." मग त्याने सासऱ्यांकडे नीट पाहिलं. "तुला इतकी वर्षं माहीत नव्हतं?"

"नाही."

"सॉरी, यार."

तो खरंच ओशाळला होता. पण त्याला ही गोष्ट केवढी वाटत होती आणि सासऱ्यांना केवढी, यातलं अंतर मला तिथे उभं राहून दिसत होतं.

"मग पहिल्या दिवसाची टेप कुठे आहे?" सासऱ्यांनी विचारलं. "हम असू दे. मला तशीच चालेल."

गिटारवाल्याने कंपनीतल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "ती नाहीये, अंकल. तेव्हा टेप महाग असायच्या. ज्याचा उपयोग नाही ती पुसून तिच्यावर पुढचं रेकॉर्डिंग घ्यायचे. आम्ही सगळं गोदाम बघितलं, दुसऱ्या दिवसाचीच तेवढी राहिलीय."

सासऱ्यांनी मान डोलावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर फार काही उमटलं नाही. त्यांनी विचारलं, "पाणी कुठे आहे?" मुलाने बाटली आणून दिली, ती त्यांनी जवळजवळ सगळी प्यायली.

थोड्या वेळाने हयात असलेल्या वादकांना मंचावर बोलावलं. तिघंच होते. सतारवाला वारला होता, सॅक्सोफोनवाल्याचा पत्ता लागला नव्हता. प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे होते. सासऱ्यांनी माइक घेतला आणि हिंदीत म्हणाले, "इस सीडी में मैंने नहीं बजाया है. मेरे दोस्त ने बजाया है. वो पेणकरपाडा में रहता है." मग त्यांनी दोस्ताचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. "अच्छा बजाया है."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांना तो मोठेपणा वाटला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "कितने हंबल हैं." गिटारवाल्याने मात्र माइक परत घेतला आणि सांगितलं की हे खरं आहे, चूक त्याचीच आहे, आणि पुढच्या छपाईत ती दुरुस्त होईल. तेव्हा हॉल शांत झाला. टाळ्या थांबल्या आणि काही जण मान लांब करून सासऱ्यांकडे पाहू लागले, जणू आत्ताच ते मंचावर आले होते.

घरी येताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "पुसलेल्या टेपवर खाली थोडंसं काही राहतं का गं? तुमच्या लॅबमध्ये डाग धुतला तरी राहतो तसं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

पुढची छपाई यायला वर्षाच्या वर गेलं. तीत कोंग्याच्या ओळीत दोन नावं होती, सासऱ्यांचं आधी, दोस्ताचं नंतर, आणि दोस्ताच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. आपलं नाव काढून टाका असं सासऱ्यांनी तीन वेळा फोनवर सांगितलं होतं. गिटारवाल्याने परदेशातून कळवलं की पाकिटावर चेहरा असताना आत नाव नाही हे बरं दिसणार नाही. सासरे वैतागले. पण सीडी घेऊन ते पेणकरपाड्याला गेले. दोस्ताच्या बायकोने ती शोकेसमध्ये, काचेच्या मागे, नातवाच्या कबड्डीच्या ढालीशेजारी उभी करून ठेवली. त्या घरात सीडी वाजवायचं काही नव्हतं. आपल्या नावाचं स्पेलिंग चुकलंय हे दोस्ताला कुणी सांगितलं नाही. तोवर त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण इंग्रजी त्यालाही वाचता येत नव्हतं.

सासरे मात्र आता वरचेवर तिकडे जाऊ लागले. दुपारचं जेवण झालं की चप्पल घालायचे. काय बोलता एवढं, म्हणून सासूबाई विचारत. "काही नाही," ते म्हणत. "बसतो."

त्या घरातल्या मोठ्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा हळदीला आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. नवराही आला. संध्याकाळची वेळ, दारात मांडव, गावातलीच बँजो पार्टी. बँजो, कीबोर्ड, ताशा, आणि काठीने वाजवायचे ते रबराचे चौकोन, ज्यांतून कुठल्याही वाद्याचा आवाज निघतो. पिवळ्या साड्यांतल्या बायका नाचत होत्या. दोघे म्हातारे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून त्या चौकोनांना नावं ठेवत होते.

"यात कातडी कुठं हाय? यी त कॅलक्युलेटर हाय."

पार्टीकडे एक तुंबाही होता. तो वाजवणारा जेवायला गेला तेव्हा तुंबा मोकळा उभा राहिला. दोस्ताने सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. "जा की. बगू काय ऱ्हायलाय का."

"नको रे. लोक नाचताहेत."

"नाचू देत. तुज्याकडं कोन बगतोय?"

सासरे उठले. मला वाटलं हात धुवायला चाललेत. ते तुंब्यामागे जाऊन बसले. मनगटातलं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं. बँजोवाल्याने मान हलवली आणि त्यांनी सुरू केलं.

माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि मी त्यांना वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पाहिलं ते सांगते. त्यांचा डावा हात भरभक्कम पडत होता, उजवा किंचित मागे राहत होता. डोळे मिटलेले नव्हते. ते नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवत होते. एकदा त्यांचा ठेका चुकला. दोस्ताने खुर्चीतून स्वतःच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या, मोठ्याने, आणि ते पुन्हा जागेवर आले. वादक बदललाय हे नाचणाऱ्या बायकांच्या लक्षातही आलं नाही. एक गाणं संपेपर्यंत ते बसले, दुसरं अर्धं झाल्यावर दमले आणि हात वर करून उठले.

"डावा बरा हाय," दोस्त म्हणाला. "उजवा झोपलाय."

"तुझ्यासारखा नाहीये माझा हात."

"न्हायच," दोस्त म्हणाला, आणि त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

घरी आल्यावर त्यांचे तळवे लाल होऊन सुजले होते. सासूबाईंनी गावाहून आणलेलं कोकमाचं मुठेल, म्हणजे घट्ट तेलाचा गोळा, पातळ करून त्यांच्या हातांना चोळलं. "वय काय आणि करता काय," असं त्या म्हणत होत्या, पण हलक्या हाताने चोळत होत्या. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "बाबा, दुखतंय का?"

"दुखणारच की," सासरे म्हणाले. "उद्या लग्न किती वाजताचं आहे?"